गुरुवारचं लसीकरण, आमच्या भागातलं सरकारी पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) : ४ स्टार, एक स्टार बाकड्याचा कापला

पहिलंच सांगतो, पीएचसीचं नाव टाकत नाही. सिस्टरनीच नको म्हटलं, उगीच गर्दी वाढते आणि वरून कोण काय विचारेल सांगता येत नाही म्हणे. बेळगावातून बाईकवर वीस-पंचवीस मिनिटं लागतात एवढं धरा. आणि अगोदर जिथं गेलो त्या शहरातल्या खाजगी क्लिनिकचं पण नाव लिहित नाही, मला कुणाशी भांडायचं नाही, फक्त कुठं काय बघितलं ते लिहितो.

मी उद्यमबागला एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. म्हणजे दिवसभर काम काय तर हीट नंबर बघ, बॅच बघ, गेज कॅलिब्रेट केलंय का बघ, माल रिजेक्ट झाला तर कशामुळं झाला ते लिही. ही सवय घरात पण जात नाही, बायको वैतागते. दुधाच्या पिशवीची तारीख मी दोनदा बघतो. तर पोरीला लस टोचायची म्हटल्यावर मी गप्प बसणार नव्हतोच.

बायकोचं माहेर चंदगडकडचं, डिलिव्हरी तिकडंच झाली, त्यामुळं बीसीजी, पोलिओचा झिरो डोस आणि हिपॅटायटिस बी ही जन्मल्या जन्मल्याची तिन्ही तिकडं झालेली, मराठी कार्डावर. इकडं आल्यावर सहा आठवड्याचं द्यायचं होतं. साहजिकच सगळ्यांनी सांगितलं सरकारीत कशाला जातोस, पेनलेस म्हणजे कमी दुखणारी लस घे, ताप येत नाही. गेलो. एसी, खेळणी, भिंतीवर कार्टून, सगळं चकाचक. चार हजारांच्या आसपास बिल. डॉक्टर बोलायला गोड, पण पोरीला मागं काही त्रास झालेला का, आज ताप आहे का, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, एक प्रश्न नाही. टोचलं, बायकोनं विचारलं काय होईल तर हसून "एनू आगंगिल्ल री", काही होत नाही, या तुम्ही. दोन मिनिटात आम्ही रस्त्यावर. लस ज्या फ्रिजमधनं काढली तो घरगुती डबल डोअरचा, दारात पाण्याची बाटली आणि कुणाचातरी डबा. थर्मामीटर मला तरी दिसला नाही. कार्डावर बॅचचं स्टिकर नाही, नुसती तारीख आणि सही. आमच्याकडं कास्टिंगला बॅच नंबर नसेल तर गेटवरनं परत जातं हो, आणि इथं माझ्या पोरीच्या अंगात गेलेल्या वस्तूचा नंबर नाही.

रात्री अंग गरम झालं, जरा जास्तच रडायला लागली. पेनलेसला ताप कमी येतो हे खरं, येतच नाही असं नव्हे, हे मला नंतर कळलं. क्लिनिकचा फोन बंद. आई उठून देवापुढं दिवा लावून बसली, बायको रडायला लागली, मी गूगल करायला लागलो आणि गूगलवर रात्री दोन वाजता काय सापडतं ते सांगायला नको. सकाळपर्यंत पोरगी खडखडीत बरी. पण काही होत नाही म्हटलेलं आणि झालं, ते डोक्यात बसलं. "रात्री थोडा ताप येईल, एवढं औषध द्या, असं असं दिसलं तर मात्र लगेच या" एवढं जरी बोलले असते तर ती रात्र आम्ही झोपून काढली असती. त्याला काय पैसे पडतात?

दहा आठवड्याच्या वेळी शेजारच्या अक्का म्हणाल्या आमच्या आशा कार्यकर्तीबरोबर जावा. गेलो पीएचसीत.

आता इथलं सांगतो. लसीचा कार्यक्रम गुरुवारी. दहाला सुरू म्हणतात, सव्वादहा धरा. दारात आशा बसलेली, कार्ड घेऊन नाव लिहिते. आमच्याकडं महाराष्ट्राचं मराठी कार्ड आणि त्या क्लिनिकची चिठ्ठी, इकडचं तायी कार्ड (आई-बाळाचं सरकारी कार्ड) नव्हतंच. मला वाटलं आता परत पाठवणार, राज्य वेगळं, कागद वेगळा, आपल्या सीमाभागात हे रोजचंच आहे. तसं काही झालं नाही. सिस्टर (वयानं आईएवढ्या असतील, घरी कानडी बोलणाऱ्या, पण मराठी अगदी आपल्यासारखं) दोन्ही कागद घेऊन बसल्या, एकेक डोस नवीन कार्डावर उतरवला, मोबाईलवर यू-विनला (लसीची सरकारी ऑनलाईन नोंद) चढवायला गेल्या तर नेटवर्क नाही, मग वहीत लिहिलं. आणि मग थांबल्या. "हे सहा आठवड्याचं कुठलं दिलंय? पेनलेस का साधं?" चिठ्ठीवर नाव अर्धवट. मी म्हटलं द्या की ओ काय असेल ते पुढचं. "तसं नसतंय," म्हणाल्या, "आधीचं काय दिलंय ते कळू दे, मागं काय त्रास झालेला ते पण कळू दे." मला क्लिनिकला फोन लावायला लावला, नाव घेतलं, आत एमओ (मेडिकल ऑफिसर) डॉक्टरांना जाऊन विचारून आल्या, तसं लिहून ठेवलं, मग पुढचं काम. मला त्या क्षणालाच हे ठिकाण पटलं.

नंतर प्रश्न. मागच्या वेळी ताप किती आला, किती वेळ रडली, झटके आले का, अंगावर पुरळ, तोंड सुजणं, दवाखान्यात ठेवायला लागलं का, आज काय आजारी आहे का. सर्दी होती जरा. मला वाटलं पुढच्या गुरुवारी या म्हणतील. नाही, साध्या सर्दीनं लस पुढं ढकलायची नसते म्हणाल्या, अंगात जोराचा ताप असेल तर वेगळं. मागच्या डोसला जबरदस्त रिअ‍ॅक्शन झालेली असेल तर मात्र तीच लस परत द्यायची नाही, म्हणून तर विचारते.

मी वायल, म्हणजे लसीची बाटली, बघायला मागितली. बायकोनं चिमटा काढला. सिस्टर मात्र खूश, "बघा की, कोण विचारतच नाही." पेंटाव्हॅलंटच्या (पाच रोगांची एकच लस, पेंटा म्हणतात) बाटलीवर एक गोल छाप असतो, आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तोवर लस चालते, दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त काळपट झाला की फेकायची, म्हणजे गरमीत राहिलेली असते. बाटलीवर उघडल्याची तारीख आणि वेळ पेनानं. पेंटा, पीसीव्ही (न्यूमोनियाची), पोलिओ असल्या बाटल्या उघडल्यावर नीट सांभाळल्या तर चार आठवडे चालतात, पण बीसीजी आणि एमआर (गोवर-रुबेलाची) पाण्यात मिसळल्यापासून चार तासात संपवायची, उरली तरी टाकायची. एक बाळ आलं तरी बाटली फोडायची, नंतर कुणी आलं नाही तर उरलेली वाया, पण जपून ठेवायची नाही.

आत डीप फ्रिजरसारखा दिसणारा वरून उघडणारा फ्रिज, त्याच्यात लस सोडून काही नाही, वर तक्ता चिकटवलेला, सकाळ-संध्याकाळ तापमान लिहिलेलं, २ ते ८ अंशाच्या आत. मी मागचा महिना चाळला. रविवारचं पण लिहिलेलं. सगळ्या आकड्यांना एकाच पेनाची एकच शाई नव्हती, म्हणजे एकदम बसून भरलेला नाही, हे आमच्या लाईनमध्ये लगेच कळतंय.

सगळ्यात आवडलं ते बर्फाचं. गावात घेऊन जायचा जो निळा डबा असतो त्यात बर्फाचे पॅक फ्रिजरमधनं काढून थेट घालत नाहीत. टेबलावर ठेवायचे, घाम येईपर्यंत थांबायचं, कानाजवळ धरून हलवायचं, आत पाणी खळखळलं की मगच डब्यात. का, तर पेंटा नि हिपॅटायटिसची लस गोठली की खलास, परत वितळली तरी कामाची नाही, आणि वरून बघून पटकन कळत पण नाही. आपण सगळे समजतो लसीला गरमीचीच भीती, गोठण्याची कुणाला माहीतच नाही. सिस्टर म्हणाल्या शहरातले मोठे दवाखाने पण इथं चुकतात, लस फ्रिजरला चिकटून ठेवतात. त्या डबल डोअर फ्रिजची मला तेव्हा आठवण झाली.

टोचलं डाव्या मांडीत. सिरिंज एकदा वापरली की आपोआप लॉक होणारी, सुई तिथंच कटरनं तोडली. मग चार गोष्टी सांगितल्या, बायकोला, मला नव्हे, आणि मराठीत: आज काय दिलं आणि कशासाठी, काय होऊ शकतं नि काय करायचं, पुढची तारीख कधी, कार्ड जपून ठेवायचं आणि दर वेळी आणायचं. बायकोला कानडी वाचायला येत नाही, इकडचं कार्ड कानडीत, म्हणून पुढची तारीख आकड्यात मोठी लिहून गोल केली. ताप आला तर पॅरासिटामॉल वजनावर किती ते बाटलीच्या टोपणावर खूण करून दाखवलं. ताप यायच्या आधीच द्यायचं नाही. गाठ आली तर ओलं गार फडकं, चोळायचं नाही. हे ऐकून आई म्हणाली आम्ही तर हळद-चुना लावायचो. "आज्जी, तुम्हाला लावायचं तर लावा, पण माझ्या पोरीला नको," असं सिस्टर म्हणाल्या नि सगळी बाई मंडळी हसली.

कधी पळत यायचं ते पण सांगितलं. तीन तासांच्या वर न थांबता रडणं, खूप चढलेला ताप, झटका, बाळ एकदम ढिलं पडून पांढरं दिसणं, श्वासाला घरघर. आशाचा नंबर, त्यांचा स्वतःचा नंबर, १०८. आणि "अर्धा तासु कुंदर्री". अर्धा तास बसायचं.

आता तक्रार. अर्धा तास बसायचं कुठं? व्हरांड्यात एक बाकडं, त्याचा एक पाय विटेवर. पंखा आहे, फिरत नाही. पंधरा-सोळा बायका बाळं घेऊन जमिनीवर, एप्रिलच्या उन्हात, संडासाला कुलूप, चावी कुणाकडं तर शिपायाकडं, शिपाई कुठं तर चहाला. अर्धा तास थांबवायचं आणि बसायला जागा द्यायची नाही, मग लोक दहा मिनिटात काढता पाय घेतात, त्यात त्यांची चूक कमी. फलक सगळे कानडीत, लसीनंतर काय काळजी घ्यायची तो मोठा रंगीत चार्ट पण कानडीत, आणि समोर बसलेल्या निम्म्या बायका मराठी. हा भाषेचा वाद काढायचा म्हणून लिहित नाही. सुरक्षेची सूचना वाचता येत नसेल तर ती भिंतीवर असून नसून सारखीच. एक झेरॉक्स मराठीत लावा की. मी करून देतो म्हटलं, वरनं परवानगी पाहिजे म्हणाले.

आणि एक. ह्या सिस्टर सुट्टीवर असतात तेव्हा दुसरीकडच्या एक तरुण सिस्टर येतात. चुलत भावाच्या पोराच्या वेळी त्या होत्या. टोचायचं काम हलकं नि चांगलं, पण प्रश्न नाहीत, चार गोष्टी पण विचारल्यावर सांगितल्या, दहा मिनिटात "जावा आता". म्हणजे एकाच खोलीत, एकाच फ्रिजची लस, पण कोण उभं आहे त्यावर सगळं. म्हणून चार स्टार पण फुल मनानं नाही.

आता चौदा आठवड्याचं, हे जरा सविस्तर सांगतो.

त्या दिवशी तीन टोचण्या, डावी मांडी पेंटा, उजवी मांडी पीसीव्ही, उजव्या दंडाला कातडीत पोलिओची अगदी थोडी, वर थेंब दोन प्रकारचे. वेगवेगळ्या जागा का, तर सूज आली तर कुठल्या लसीची ते कळावं. पटलं, आमच्याकडं पण तीन साच्यांतला माल एका ढिगात टाकत नाहीत.

आम्ही अर्धा तास मोजत बसलेलो. तेवढ्यात दहा वर्षांची एक पोरगी, टीडीचं (धनुर्वात-घटसर्प) इंजेक्शन घेऊन बाहेर आली नि दोन पावलं टाकून खाली. एकच गोंधळ. रिअ‍ॅक्शन रिअ‍ॅक्शन, लस खराब आहे, कुणी पाणी मारायला लागलं, कुणी म्हटलं चप्पल हुंगवा. बायकोनं आमचीला घट्ट धरलं, मला पण घाम फुटला, खोटं कशाला बोलू.

सिस्टर आल्या त्या पळत नाही, झपझप चालत. सगळ्यांना मागं सारलं, पोरीला आडवं केलं, पाय स्टुलावर, नाडी बघितली, श्वास ऐकला, दंड-पोट बघितलं पुरळ आहे का, ओठ बघितले. आशाला सांगून लाल झाकणाचा डबा आणवला, उघडून शेजारी ठेवला. पण त्यातलं काही दिलं नाही. मिनिटभरात पोरीनं डोळे उघडले, आईला शोधायला लागली. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि सुईची भीती. एमओ डॉक्टर येऊन बघून गेले. मग तिला बिस्किट, नि अर्धा तास तिथंच.

गर्दी पांगल्यावर मी विचारलं डबा आणला तर दिलं का नाही. त्यांनी जे सांगितलं ते मी तसंच लिहितो. भीतीनं चक्कर आली तर माणूस टोचल्याबरोबर पडतो, पांढरा पडतो, घाम येतो, नाडी हळू चालते, आडवं केलं की शुद्धीवर येतो. खरी जोराची अ‍ॅलर्जी, अ‍ॅनाफिलॅक्सिस, ती वेगळी, अंगावर गांधी, तोंड-जीभ सुजते, घरघर, नाडी पळते नि कमजोर होत जाते, आडवं करून भागत नाही. ती दहा लाख डोसात एखादी वेळ. पण आली तर मिनिटांचा खेळ, आणि म्हणूनच ते अर्धा तास बसवणं. त्यावर औषध एकच, अ‍ॅड्रेनलिन, मांडीच्या स्नायूत, वयाप्रमाणं मोजून, आणि पहिला डोस द्यायला सिस्टरला डॉक्टरची वाट बघायला नको, तसं ट्रेनिंग दिलेलं असतं. "पण लोक काय करतात माहिताय? आधी अॅलर्जीची एव्हिल, मग डेक्सा स्टेरॉइड, मग सलाईन शोधा, आणि अ‍ॅड्रेनलिनला हात लावायला घाबरतात." डबा दाखवला. अ‍ॅम्प्यूल, लहान सिरिंज, सुया, कापूस, कुठल्या वयाला किती याचा तक्ता, फोन नंबर, आणि प्रत्येकाची एक्स्पायरी कागदावर. "मी अजून एकदा पण वापरला नाही. पण दर महिन्याला तारीख बघते." फायर एक्स्टिंग्विशरची तारीख आमच्या कंपनीत ऑडिटच्या आदल्या दिवशी बघतात, असं मनात आलं, बोललो नाही.

मग त्यांनी ती चक्कर वहीत लिहिली. मी म्हटलं काही झालंच नाही तर लिहायचं कशाला? म्हणाल्या लसीनंतर जे काय होतं ते लिहायचं, ताप असू दे, गाठ असू दे. कशामुळं झालं ते ठरवणारी मी कोण. लसीमुळं झालं, लसच बिघडलेली होती, आमच्या हातची चूक झाली, भीतीनं झालं, नाहीतर योगायोगानं त्याच वेळी दुसरंच काहीतरी झालं, ह्या पाचातलं कुठलं ते जिल्ह्याची, राज्याची कमिटी बघते. मोठं काही असलं, दवाखान्यात भरती किंवा त्याहून वाईट, तर २४ तासात वर कळवायचं. साध्या माणसाला पण कळवता येतं, औषधाच्या दुष्परिणामांची सरकारी हेल्पलाईन आहे १८००-१८०-३०२४, हे मला पण नवीनच.

"पण खरं सांगू का," आवाज बारीक करून, "पुष्कळजण लिहित नाहीत. लिहिलं की आपल्यालाच नोटीस येणार असं वाटतंय." यावर मी काय बोलणार, शॉपफ्लोअरवर हेच आहे. पोरं रिजेक्शन लपवतात कारण दाखवलं की शिव्या बसतात, मग तोच माल गिऱ्हाईकाकडं जाऊन फुटतो.

आणि आपल्या जिल्ह्यात ही भीती उगीच नाही. २०२२ च्या जानेवारीत रामदुर्ग तालुक्यात एमआरची लस दिल्यावर तीन बाळं गेली, सगळ्या पेपरला होतं. वायल भलत्याच ठिकाणच्या फ्रिजात ठेवल्याचं त्यावेळी छापून आलेलं, सिस्टर नि फार्मासिस्टला सस्पेंड केलं. आई त्याच्यावरूनच घाबरते, "ती रामदुर्गची बाळं" म्हणून अजून काढते. मी हे सिस्टरना विचारलं, जरा धाडस करूनच. चिडल्या नाहीत. म्हणाल्या एमआरमध्ये जंतू मारायचं औषध घातलेलं नसतं, म्हणून उघडल्यावर चार तास, म्हणून त्याच कंपनीचं त्याच्याबरोबर आलेलं पाणी, म्हणून उरलेलं कधीच घरी न्यायचं नाही. त्यानंतर आमची सगळ्यांची परत ट्रेनिंगं झाली. "तुम्ही एमआरला याल तेव्हा बाटलीवरची वेळ वाचूनच घ्या, मला राग येणार नाही."

हे वाक्य मला त्या चार हजारांच्या क्लिनिकमध्ये ऐकायला मिळालं नसतं.

जाता जाता एक, आपण टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोवर सकाळी फिरायला जातो, मॅच खेळतो, प्रदर्शनं बघतो, पण ते नाव कशावरून पडलं ते पोरांना विचारा. इंग्रजांच्या काळात तिथं वासरांच्या अंगावर देवीची लस तयार व्हायची. माझ्या आजोबांच्या दंडावर ते दोन मोठे गोल वण होते. लसीच्या गावात राहतो आपण आणि लस कशी ठेवतात ते विचारायला लाजतो.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी : गुरुवारी साडेनऊला पोचा, नंबर लवकर लागतो. कार्ड कुठल्याही राज्याचं असू दे, घेऊन जावा, खाजगीत टोचलेलं असेल तर लसीचं नाव आणि बॅच लिहून घेऊनच या. एक सतरंजी, पाण्याची बाटली, बाळाला टोपी. टोचून घेणारं पोरगं मोठं असेल तर नाश्ता करून आणा. पैसे शून्य. एकदा पॅरासिटामॉलचा स्टॉक संपलेला, बाहेरनं घ्यायला लागलं, तेवढं धरून चला. गाडी मारुती मंदिराच्या बाजूला लावा, पीएचसीच्या दारात लावली तर ॲम्ब्युलन्सवाला हवा सोडतो, आमची सोडली.